सासूबाई, कात्सुओबुशी आणि एक टेबल

पत्र डोंबिवलीहून आलंय. थोडक्यात असं:

"ताई, मिस्टरांना ऑफिसच्या कामाने जपानला, ओसाकाला जायचंय. काम संपल्यावर पाच दिवस फिरायचं म्हणून मी आणि सासूबाईही जातोय. हॉटेल नांबा भागात आहे. आम्ही मूळचे मालवणकडचे, ह्यांना मासा म्हणजे जीव की प्राण. मी सगळं खाते, पण बीफ आमच्या घरात कुणालाच चालत नाही. आईंनी बारा वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून मासे-मटण-अंडं सगळं बंद, एकादशीही असते. माझी इच्छा एवढीच की तिघांनी रोज एका टेबलावर बसून जेवावं. हे म्हणतात, तिथल्या सूपबिपात मासा असतो ते आईला सांगायचंच नाही, दिसत तर नाही! मला ते पटत नाही. कुठे खावं, काय न्यावं, सांगा. राइस कुकर न्यायचा विचार आहे. ता. क. मला तिथे एखादी बिअर घ्यायची आहे. आईंसमोर कसं जमवू?"

सूनबाई,

आधी मिस्टरांचा निकाल लावू. 'दिसत नाही, मग सांगायचं कशाला' ही युक्ती ओसाकात चालणार नाही, कारण तिथे मासा जिथे दिसत नाही तिथेच तो हमखास असतो. त्याचं नाव दाशी. कात्सुओ नावाचा मासा, आपल्या कुप्याच्या नात्यातला, उकडून, धूर देऊन, वाळवून लाकडासारखा टणक करतात. मग सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर तासून त्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ चकत्या काढतात. ही कात्सुओबुशी. ती आणि कोंबू नावाचं समुद्री शेवाळ गरम पाण्यात भिजवून गाळलं की झालं दाशी. दिसायला पातळ, दूध न घातलेल्या चहासारखं. उदोन शेवयांचा रस्सा, मिसो सूप, शिजवलेला भोपळा, सोबा नावाच्या शेवया बुडवायचं पाणी, ओकोनोमियाकीचं पीठ, सगळ्यात हे असतं. त्यात ओसाका म्हणजे दाशीचं माहेर. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, उत्तरेकडच्या होक्काइदोचं कोंबू जहाजांनी या बंदरात उतरायचं, त्यामुळे इथल्या स्वयंपाकाचा पायाच त्यावर उभा राहिला.

मी ओसाकात तीन वर्षं काढली. पहिल्याच महिन्यात माझी मावशी आली, तीही माळकरी. मी मोठ्या ऐटीत तिला कित्सुने उदोन खायला नेलं. हा पदार्थ ओसाकाचाच, १८९३ साली सुरू झालेल्या मात्सुबाया या दुकानाकडे त्याचं श्रेय जातं. वाडग्यात जाडसर पांढऱ्या शेवया, वर गोडसर मुरवलेला तळलेल्या तोफूचा चौकोन, थोडी कांद्याची पात. याच्याहून सात्त्विक काय असणार, असं मला वाटलं. मावशीने दोन घोट घेतले, वाडगा खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "यात सोडे घातलेत का गं?"

ज्या बाईने अर्धं आयुष्य कोकणात सुकट निवडली आणि बोंबील भाजले, तिच्या नाकाला तुम्ही काय फसवणार? मिस्टरांना हे सांगा. आणि तिला कळलं नसतं तरीही सांगायला हवंच होतं, कारण माळ तिची आहे, तुमची नाही. तेव्हा विमानात बसायच्या आधी, घरी, चहाच्या वेळी आईंना दाशी म्हणजे काय ते नीट सांगा आणि कुठवर चालवून घ्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या. माझ्या मावशीने नियम केला होता: रस्सा नको, पण त्याच तव्यावर भाजलेलं वांगं चालेल. तुमच्या आईंचा नियम याहून कडक असेल किंवा सैल असेल. एकदा तो कळला की निम्मी धावपळ वाचते.

आता एका टेबलाबद्दल. हा हट्ट सोडा असं म्हणत नाही, पण पाचही दिवस दोन्ही वेळा तो धरू नका. ओसाकातलं चांगलं दुकान बहुधा एकच पदार्थ करतं. दहा-बारा जणांची जागा, समोर एक माणूस, मागे पन्नास वर्षांचा धंदा. तिथे 'एक व्हेज करून द्या' म्हणायला दुसरी कढईच नसते. बसलेल्या प्रत्येकाने काहीतरी मागवावं अशी अपेक्षा असते आणि आपला डबा उघडणं तर अगदीच असभ्य. आईंना कोपऱ्यात उपाशी बसवून तुम्ही दोघं जेवणार, तर तुमच्याच घशाखाली उतरणार नाही. त्यापेक्षा दिवसाचे तुकडे करा.

सकाळ सगळ्यांची मिळून. हॉटेलचा नाश्ता घेऊ नका, जवळच्या जुन्या किस्सातेनमध्ये जा. किस्सातेन म्हणजे तिथलं इराणी हॉटेलच समजा: तपकिरी सोफे, पेपर वाचणारे आजोबा आणि कॉफीच्या किमतीत थोडीच भर घातली की मिळणारा 'मॉर्निंग', म्हणजे बोटभर जाडीचा लोण्याचा टोस्ट आणि उकडलेलं अंडं. आईंच्या वाट्याचं अंडं मिस्टरांच्या बशीत. जपानीत पावाला 'पान' म्हणतात. तो शब्द पोर्तुगिजांनी दिला, त्यांनीच आपल्याला 'पाव' दिला. आईंना सांगा, त्यांना गंमत वाटेल. आणि त्यांच्यासाठी एक मिक्स ज्यूस मागवा. केळं, संत्रं, पीच आणि दूध घुसळून केलेलं हे पेय ओसाकाच्या शिनसेकाई भागातलं. आपल्याकडच्या ज्यूस सेंटरवर वाढलेल्या कुणालाही ते परकं वाटणार नाही.

दुपारी साडेअकरा ते दोन ही वेळ धरून ठेवा. त्या वेळात साधी हॉटेलंसुद्धा हजारेक येनमध्ये पूर्ण जेवण देतात: भात, सूप, एक मुख्य पदार्थ, लोणचं. दोननंतर पुष्कळ दुकानं पाचपर्यंत शटर ओढतात. आपण भारतीय अडीचला 'आता जेवू या' म्हणतो आणि मग फिरत राहतो. तिघं एकत्र बसायला दुपारी फिरत्या पट्ट्याचं सुशी हॉटेल सगळ्यात बरं. ही कल्पनाही ओसाकाकडचीच. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून शिराइशी योशिआकी यांना ती सुचली आणि १९५८ साली त्यांनी ओसाकाला लागून असलेल्या आजच्या हिगाशी-ओसाकात असं पहिलं हॉटेल काढलं. आता बहुतेक ठिकाणी स्क्रीनवर बोट दाबून मागवायचं असतं, चित्रं असतात, इंग्रजीही असते. मिस्टर हवे तेवढे मासे खातील आणि आईंना काकडीची सुशी, म्हणजे काप्पामाकी, उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, फळं, आइस्क्रीम मिळेल. इनारी नावाची तोफूची पिशवी मात्र दाशीत शिजवलेली असते. ती शाकाहारी दिसते म्हणून फसू नका.

मिस्टरांना एकदा बात्तेरा खायला लावा. ओसाकाची जुनी सुशी गोळ्यांची नव्हे, लाकडी साच्यात दाबून केलेली. बात्तेरात व्हिनेगरमध्ये मुरवलेला साबा मासा असतो, आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, आणि वर कोंबूची काचेसारखी पारदर्शक चकती. हे नावही पोर्तुगीज, छोट्या होडीवरून आलेलं. मालवणी माणसाने परदेशी बांगड्याला नावं ठेवली नाहीत तर मला कळवा.

संध्याकाळ तुमची आणि मिस्टरांची. दोतोनबोरीला जायचंच आहे, सगळे जातात. धावणाऱ्या माणसाची ग्लिकोची पाटी, भिंतीवर पाय हलवणारा राक्षसी खेकडा, कालव्यात त्या सगळ्याचं प्रतिबिंब. फोटो काढा आणि खाण्यासाठी एखादी गल्ली आत शिरा. तिथे ताकोयाकी उभ्याने खा. ही गाडी आईंनाही दाखवा, कारण ते अगदी आपले आप्पे आहेत: तोच खड्ड्यांचा तवा, तीच टोच्याने गोळा फिरवायची लकब. फक्त आत ऑक्टोपसचा तुकडा आणि पिठात दाशी. १९३५ च्या सुमाराला आइझुया नावाच्या दुकानाने ऑक्टोपस घालायला सुरुवात केली असं सांगतात. बाहेरून गार वाटला तरी आतला लगदा उकळत असतो. पहिला गोळा अख्खा तोंडात टाकाल तर उरलेल्या सात गोळ्यांची चव लागणार नाही. अनुभवाचे बोल.

ओकोनोमियाकीला लोक 'जपानी पिझ्झा' म्हणतात, ते मला कधीच पटलं नाही. ते आपलं धिरडं आहे, भरपूर कोबी घातलेलं. टेबलातच बसवलेल्या तापल्या पत्र्यावर ते येतं, वर गोडसर तपकिरी सॉस आणि मेयोनीजच्या रेघा आणि शेवटी त्या कात्सुओबुशीच्या चकत्या. वाफेवर त्या अशा वळवळतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी जिवंत वाटावं. छोट्या उलथन्याने तुकडा कापून खायचा. बहुधा त्यावर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या असतात. कोळंबीचंही मिळतं, तुम्हाला ते आवडेल.

बीफ चालत नाही म्हणालात, तर हे नीट वाचा. टोकियोत 'निकु' म्हणजे मांस, कुठलंही. ओसाकाकडे नुसतं 'निकु' म्हटलं की ते गोमांस. म्हणूनच नांबातल्या प्रसिद्ध होराई दुकानातल्या वाफवलेल्या पावाला इथे 'निकुमान' न म्हणता 'बुतामान' म्हणतात, बुता म्हणजे डुक्कर. निकु उदोनमध्ये बीफ. दोतेयाकी नावाच्या पदार्थात बीफ. शिनसेकाईत काडीला टोचून तळलेला कुशीकात्सु मिळतो, त्यातली नुसत्या 'कुशीकात्सु' नावाची काडीही बीफची. अनेक ठिकाणी तळायचं तेलच जनावराच्या चरबीचं असतं, तेव्हा तिथली कमळकाकडी किंवा भोपळ्याची काडी आईंना देऊ नका, कितीही निरागस दिसली तरी. तुम्ही दोघं ठरवा. गेलातच तर सॉसचा नियम लक्षात ठेवा: सामाईक डब्यात काडी एकदाच बुडवायची, उष्टी काडी पुन्हा नाही. हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असायचा. कोरोनानंतर पुष्कळ दुकानांनी बाटल्या आणल्या. आपल्या उष्ट्या-खरकट्याच्या संस्कारात वाढलेल्या आईंना हे एकच दुकान सुसंस्कृत वाटेल.

आणि दुसरी खबरदारी. 'निकु खात नाही' एवढंच सांगितलंत तर समोरचा हसतमुखाने मान डोलावेल आणि बेकन घातलेलं सॅलड आणून ठेवेल. त्यात कपट नसतं, त्याच्या लेखी बेकन वेगळं. म्हणून तुमच्या राहत्या हॉटेलच्या काउंटरवरून जपानीत एक चिठ्ठी लिहून घ्या: गाय, डुक्कर, कोंबडी, मासे, अंडी, कात्सुओबुशी आणि त्यांचं दाशी, यातलं काहीही चालत नाही. फोनमध्ये फोटो ठेवा. नाही जमत असेल तर ते हात जोडून नाही म्हणतील. वाईट वाटून घेऊ नका, खोटं हो म्हणण्यापेक्षा ते बरं.

होझेन्जी योकोचोला मात्र तिघं जा, तेही दिवे लागल्यावर. दोतोनबोरीच्या गोंगाटापासून दोन मिनिटांवर फरसबंद अरुंद गल्ली आणि तिच्यात एक छोटं देऊळ. तिथल्या फुदो म्योओच्या मूर्तीवर येणारा-जाणारा प्रत्येक जण पळीने पाणी घालतो, वर्षानुवर्षं, त्यामुळे ती नखशिखान्त शेवाळाने हिरवीगार झाली आहे. हा देव आपल्याकडून गेलेला अचलनाथ. आईंना अभिषेक करायला मिळेल, कुणी अडवत नाही. शेजारीच १८८३ पासून चाललेलं मेओतो झेन्झाईचं दुकान आहे. लाल अझुकी बीन्सचं गरम गोड, आत तांदळाच्या पिठाची मऊ गोळी. एका माणसाला एक नाही, दोन वाडगे येतात. मेओतो म्हणजे नवरा-बायको, म्हणून जोडी. गोड तोंड उतरवायला बाजूला खारवलेलं कोंबू. यात मासा नाही. मावशी तिथे तीनदा गेली.

तसंच तळघरांचं. उमेदा आणि नांबातल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सच्या तळघरात खाण्याचा बाजार असतो. पारंपरिक जपानी मिठाईच्या काउंटरवर पुष्कळसं अझुकी, तांदूळ, साखर आणि समुद्री शेवाळाच्या कांतेनचं, जिलेटिनचं नव्हे. संध्याकाळी सातच्या पुढे सुशी आणि तळणाच्या डब्यांवर सवलतीची चिकटपट्टी लागायला लागते आणि नोकरदार बायका ट्रे घेऊन त्या पट्ट्यांच्या मागे शांतपणे फिरतात. तुम्हीही फिरा. कुरोमोन बाजाराबद्दल सगळे सांगतील. तो बघायला छान, पण आता पर्यटकांच्या दराने चालतो. पाय मोकळे करायचे असतील तर तेन्जिनबाशी-सुजीला जा, अडीच किलोमीटरच्या वर लांब छपराखालची बाजारपेठ, पावसातही आईंना चालता येईल.

हे डबे खोलीवर आणले की तुमचं एक टेबल जमतं. मिस्टरांची सुशी, तुमचं जे काय असेल ते आणि आईंचा मेतकूट-भात. राइस कुकर मात्र नेऊ नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची. आपला २३० चा कुकर तिथे पाचव्या हिश्श्याएवढीही उष्णता देणार नाही, तांदूळ रात्रभर भिजत बसतील. तांदूळही नको. कुठल्याही कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये शिजलेल्या पांढऱ्या भाताचं सीलबंद पाकीट मिळतं, तिथल्याच मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत वाफाळता भात. चिकट असतो, मऊ गुरगुट्या भातासारखा, मेतकुटाला अगदी योग्य. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, पहिल्या दोन दिवसांपुरत्या दशम्या, तुपाची छोटी बरणी. ताजी फळं, भाजी, कढीपत्ता काहीही बॅगेत टाकू नका, विमानतळावर अडवतात. एकादशीची काळजीच नको. सुपरमार्केटच्या दाराशी गरम यंत्रात भाजलेली रताळी ठेवलेली असतात, याकी-इमो. सालीला मधासारखा पाक सुटलेला असतो. दूध, केळी आणि ते रताळं. मावशीने तिथून आल्यावर आमच्या मंडईतल्या रताळ्यांना नावं ठेवायला सुरुवात केली.

पाचांपैकी एक रात्र मात्र ओसाकाबाहेर काढा. तुमच्या नांबाहूनच नानकाई रेल्वेची गाडी कोयासानच्या पायथ्याशी जाते, पुढे केबलकार, दोनेक तासांत वर. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने वसवलेलं हे डोंगरावरचं तीर्थ. तिथल्या पन्नासेक मठांत यात्रेकरूंना मुक्काम करता येतो आणि जेवण शोजिन, म्हणजे मांस-मासे-अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. दाशी कोंबूची आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. बुकिंग करताना एकदा विचारून मात्र घ्या. तिळाचं खरवसासारखं मऊ गोमा-दोफू येतं, गोठवून वाळवलेलं कोया-दोफू येतं, डोंगरातल्या भाज्यांचं तेम्पुरा, म्हणजे भजी, येतं. पहाटे काही मठांत गोमा होतो. हा गोमा तिळाचा नव्हे, हा म्हणजे आपला होम, शब्दसुद्धा तोच. तिघं एकाच खोलीत, एकच जेवण. फक्त टेबल नसतं, प्रत्येकाच्या पुढे वेगळा चौरंग येतो. हे तुम्ही चालवून घ्याल.

राहता राहिला ता. क. पिण्याचं कायदेशीर वय तिथे वीस आहे, तुम्ही त्यातून कधीच सुटलात. आई नऊला झोपत असतील तर नांबाच्या मागच्या गल्ल्यांत, उरा-नांबात, किंवा तेम्मा स्टेशनच्या आजूबाजूला जा. ताचिनोमी म्हणजे उभ्याने प्यायचे बार, बायकाही ऑफिस सुटल्यावर एकट्या येतात, कुणी वळून बघत नाही. हजार येनमध्ये झिंग आणणाऱ्या जागांना 'सेन्बेरो' असा खास शब्दच आहे. आत शिरून 'तोरिआएझु नामा' म्हणा: तूर्तास एक ड्राफ्ट बिअर. न मागवलेली छोटी वाटी पुढ्यात आली तर परत करू नका. ती त्सुकिदाशी, तीन-चारशे येन बसण्याचे. टीप ठेवू नका, मागे धावत येऊन परत देतील. शेवटची मेट्रो साधारण बाराला, पण उरा-नांबातून तुम्ही चालत घरी.

आईंसमोरच घ्यायची असेल, तर ती कोयासानला घ्या. बऱ्याच मठांत रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, वेगळे पैसे देऊन मिळते. भिक्षूंना दारू निषिद्ध, म्हणून त्यांनी साकेला नाव ठेवलं हान्न्या-तो. हान्न्या म्हणजे संस्कृतातली प्रज्ञा, तो म्हणजे गरम पाणी. आईंनी विचारलं, तर प्रज्ञेचा काढा आहे म्हणा. त्या मालवणच्या आहेत, हसतील आणि पेल्याचा वास घेऊन काय आहे ते बरोबर सांगतील.

— ताई